चौकीत मी काय बोललो

५ फेब्रुवारी

बदके,

अक्षर बघून हसू नकोस, डाव्या हाताने लिहितोय. उजवा कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. एक बोट त्याच्या नाकावर मोडलं, दुसरं बहुतेक त्याच्या शिट्टीवर. डॉक्टरांनी विचारलं, कुठे आपटलास. मी म्हटलं, विद्यापीठाच्या जलतरण विभागावर.

तुझ्या वसतिगृहात एव्हाना सगळं कळलं असेल. तरी माझ्याकडून ऐक, कारण बाकीचे तिखटमीठ लावतील.

तुम्हा मुलींच्या तक्रारीची बातमी पेपरात आली त्या दिवशी पोरांनी मुख्य इमारतीच्या दर्शनी भागात एक काच शाबूत ठेवली नाही. नव्या काचा बसवायचं काम आमच्या मालकाला मिळालं. मालक खूश. म्हणाला, "देव त्या पोरांचं भलं करो. फार जाड काच लावू नकोस, त्यांचा उत्साह टिकला पाहिजे." म्हणून काल सकाळी मी बैठकीच्या खोलीबाहेर शिडीवर उभा राहून चौकटीतले तुकडे उपटत होतो. काच नसलेली खिडकी म्हणजे दुसऱ्याच्या घरातला कान. आतलं सगळं ऐकू येत होतं.

आत कुलगुरू होते, कोट घातलेले दोघे-तिघे होते आणि आमचे भावोजी होते. भावोजी म्हणजे ताईचे यजमान. कॉलेज सोडल्यापासून मी त्यांच्याच घरी राहतो. ते तुमच्या विद्यापीठाचे जनसंपर्क अधिकारी आहेत. हे मी तुला आधी सांगितलं होतं ना? नसेल सांगितलं. सांगितलं असतं तर तू माझ्याशी बोलली नसतीस.

भावोजी समजावून सांगत होते. गप्प बसलो तर गुन्हेगार दिसू, बोललो तर अडकू, म्हणून बोलायचं पण सांगायचं काही नाही. 'पारदर्शक चौकशी' हा शब्द त्यांनी इतक्या वेळा वापरला की मला शिडीवर हसू आलं. आमच्या दुकानात पारदर्शक काच सगळ्यात स्वस्त मिळते. महाग असते ती धुरकट.

मग मागच्या दाराने तुम्हाला पोहायला शिकवणारा तो शिट्टीमास्तर आला. गळ्यात शिट्टी होतीच, झोपतानाही काढत नसेल. त्याला कोणी हाकललं नाही. उलट एकाने चहा पुढे सरकवला. बिस्कीट बुडवत तो म्हणाला, "पोरी पाण्यात रडल्या तर कधी कोणाला कळलं का साहेब? मग आत्ताच कसं कळतंय?"

कोणीतरी हसलं. कोण ते मला दिसलं नाही.

मला तुझ्या मानेवरची ती निळी खूण आठवली. दम वाढवायचा म्हणून तो तुमची डोकी पाण्याखाली दाबून धरायचा, त्या बोटांची. आणि तलावामागची ती मालिशची खोली, जिला आतून कडी होती. तू तिच्याबद्दल एवढंच म्हणाली होतीस की छताला एक ओल होती आणि तू सगळा वेळ त्या ओलीकडे बघत होतीस.

मी शिडीवरून उतरलो. तो तलावाकडे निघाला, मीही निघालो. काठावरच्या फरशीवर त्याने मागे वळून पाहिलं आणि म्हणाला, "काय रे काचवाल्या, रस्ता चुकलास का?" पहिला ठोसा नाकावर बसला. काहीतरी आत सरकल्यासारखं झालं. रखवालदाराला बोलवायला त्याने शिट्टी तोंडात धरली आणि माझा दुसरा ठोसा नेमका त्या शिट्टीवर पडला. ती दातांसकट आत गेली. मग त्याच्या प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजत होती. बारीक, ओली. मी त्याला काठावर पालथा पाडला, मानगूट धरलं आणि डोकं पाण्यात घातलं. तुझं दाबायचा तसंच दाबलं. पाणी लाल झालं, बुडबुडे आले, आणि खरं सांगतो, मला शांत वाटलं. दोघा रखवालदारांनी ओढून काढलं नसतं तर मी सोडलं नसतं.

चौकीत मी तोंडही उघडलं नाही. इन्स्पेक्टरने दोन ठेवून दिल्या तरी नाही. भावोजींनी येऊन जामीन दिला.

आता तो तुझ्याकडे डोळा वर करून बघणार नाही. तू निर्धास्त राहा. पुढचं मी बघून घेतो.

तुझाच


९ फेब्रुवारी

बदके,

पत्र मिळालं का? जिराफकडे दिलं होतं. तुझ्या खोलीतल्या त्या उंच मैत्रिणीला मी जिराफ म्हणतो हे तिला सांगू नकोस. तिने पाकीट दोन बोटांत असं धरलं, जसं कोणी मेलेला उंदीर धरतं.

पेपर पाहिलास? पहिल्या पानावर शिट्टीमास्तर इस्पितळाच्या खाटेवर. तोंडाला पट्टी आणि डोळे असे की बघणाऱ्याला वाटावं, बिचारा. वर मोठ्या अक्षरात: तक्रारदार विद्यार्थिनीच्या प्रियकराचा प्रशिक्षकावर प्राणघातक हल्ला. तुमच्या तक्रारीची बातमी आत, खताच्या जाहिरातीखाली. विद्यापीठाचं निवेदनही छापलंय: 'शिस्तभंगामुळे शिक्षण सोडावे लागलेला एक बाहेरचा तरुण'. सोडावं लागलं म्हणे. मी आपणहून सोडलं. प्राध्यापकाच्या टेबलावर खुर्ची आपटली ती सोडल्यानंतर.

ते निवेदन वाचून मी जेवणाच्या टेबलापाशी गेलो. भावोजी जेवत होते. मी टेबल उलटं केलं. ताट भिंतीवर गेलं, पाण्याचा तांब्या ताईच्या पायावर. डाव्या हाताने त्यांची कॉलर धरून भिंतीला दाबलं. प्लास्टरचा हात उगारला होता, डोक्यात घातला असता तर प्लास्टर आणि डोकं दोन्ही फुटलं असतं. ते हलले नाहीत. चष्मा वाकडा झाला होता तोही त्यांनी सरळ केला नाही.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"मीच लिहिलं."

"बायकोच्या सख्ख्या भावाबद्दल?"

"तुझं नाव त्यात नाही. तेवढं तिच्यासाठी केलं."

मग माझ्या मुठीत गळा असताना त्यांनी मला धडा शिकवला. आवाज अगदी शिकवणीच्या मास्तरासारखा. म्हणाले, आग लागली की ती विझवायला धावायचं नसतं, लोकांना दुसरीकडची आग दाखवायची असते. "चार दिवस पेपरवाले मला एकच विचारत होते, त्या खोलीला आतून कडी कशाला होती? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तू आलास. आता ते विचारतात, मारणारा कोण? याचं उत्तर आहे माझ्याकडे. मी काही केलं नाही रे. काडेपेटी तू घेऊन आलास."

पाठीमागून ताईने माझ्या थोबाडीत मारली. मी कॉलर सोडली नाही म्हणून आणखी एक. लहानपणी आई मारायची तेव्हा मध्ये पडणारी ताई ती. तिच्या पायाला तांब्याने खोक पडली होती, रक्त फरशीवर येत होतं, आणि ती तशीच उभी राहून बोलत होती. म्हणाली, त्या पोरीने कुठून कुठून धीर गोळा करून तोंड उघडलं आणि तू मध्येच घुसून सगळ्या गावाचं लक्ष स्वतःच्या मुठीकडे वळवलंस. जिंकून आल्यासारखा तीन दिवस घरात फिरतोयस.

मग तिने भावोजींकडे पाहिलं. "आणि हा 'प्रियकर' शब्द तुम्हाला सुचला कुठून?"

भावोजी माझ्याकडे बघत होते. मी फडकं आणायला गेलो.

आज तुमच्या फाटकापाशी जिराफ भेटली. म्हणाली, तुझ्याबरोबर सही केलेल्यांपैकी दोघींना घरच्यांनी बोलावून नेलं. एकीच्या वडलांनी विचारलं म्हणे, तुमच्यातल्या आणखी किती जणींचे प्रियकर आहेत? हे सांगताना जिराफ माझ्या प्लास्टरकडे बघत होती. म्हणाली, "दुसराही मोडायला हवा होता."

तू रागावली आहेस का? एक ओळ तरी पाठव. शिव्या दे हवं तर.

तुझाच


१५ फेब्रुवारी

तू सांगितलंस म्हणून वर काही लिहिलं नाही.

तुझी चिठ्ठी मालकाच्या हातात पडली. त्याने वाचली नाही, पण हातात तोलून म्हणाला, हलकी आहे, म्हणजे वाईट असणार. 'चौकीत काय बोललास ते खरं लिही. आणि मला बदक म्हणू नकोस.' एवढंच. तू बरी आहेस का, पोहायला जातेस का, काही नाही. बरोबर आहे.

लिहितो. आधी खोटं लिहिलं होतं.

चौकीत बाकावर बसवलं तेव्हा हातातली कळ डोक्यात चढत होती. अंगात अजून तो तलाव होता. इन्स्पेक्टरने दोन ठेवून दिल्या त्या आधी नाही, नंतर. आधी त्याने साधेपणाने विचारलं, "त्या मुलीशी तुझं काय नातं?" समोरच्या बाकावर दोन पेपरवाले होते, दुसऱ्याच कसल्या चोरीसाठी आलेले. दारात भावोजी येऊन उभे राहिले होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "ती माझी आहे. माझ्या माणसाला हात लावला तर मी हात उपटतो."

पेपरवाल्याने वही उघडली. इन्स्पेक्टर हसला. मला वाटलं, भारी बोललो.

तू जानेवारीत तलावाच्या पायऱ्यांवर मला नाही म्हणाली होतीस. केसांतून पाणी ठिबकत होतं, दात वाजत होते, तरी नीट सांगितलंस. म्हणालीस, तू मला आवडतोस असं काही नाही, मला फक्त कोणीतरी ऐकून घ्यायला हवं होतं. आणि बजावून सांगितलंस की तू कोणाला काही करू नकोस, आम्ही सगळ्या मिळून लिहून देणार आहोत, गप्प राहा. मी मान हलवली. मनात तुझ्या 'नाही'ला मी शेपूट जोडलं, 'अजून तरी नाही'. आणि गप्प राहणं मला जमत नाही हे तू ओळखायला हवं होतंस, असं मी मागच्या आठवड्यापर्यंत तुलाच बोल लावत होतो.

म्हणजे 'प्रियकर' भावोजींना सुचला नाही. मी तो शब्द ताटात वाढून दिला. त्यांनी फक्त मीठ घातलं.

आता दुसरी गोष्ट. ती सांगितल्यावर तू हे पत्र फाडशील. काल वकील आले होते, भावोजींनी लावून दिलेले. गोड माणूस, बोलताना सारखा माझ्या गुडघ्यावर थापटतो. त्याने कागद आणला होता. पहिल्या तारखेला चौकशी समिती मला बोलावणार आहे. तिच्यासमोर मी सांगायचं की तुझं-माझं लग्न ठरलं होतं, मास्तराबद्दल तुझं काहीबाही ऐकून माझं डोकं फिरलं आणि भावनेच्या भरात हात उठला. तसं सांगितलं तर मास्तर आपली पोलीस तक्रार मागे घेणार. मी सुटणार. समिती लिहिणार की हे सगळं एका जोडप्याच्या खासगी भांडणातून वाढलं. मास्तर उन्हाळ्याआधी तलावावर परत. नाही सांगितलं तर, वकील गुडघा थापटत म्हणाला, तीन वर्षं तरी धर.

त्या कागदात लिहिलं होतं: 'माझी नियोजित वधू'. तो शब्द मी परत परत वाचला. मला बरं वाटलं. एका कागदावर का होईना, कोणीतरी तुला माझी म्हणत होतं. हे तुला कळायला नको होतं. पण खरं लिही म्हणालीस.

सही केलेली नाही. करणार नाही असंही आज छाती ठोकून सांगत नाही.

तुझा


२३ फेब्रुवारी

पहिल्यांदा हे सांगतो की मी हात उचलला नाही. बाकीचं यानंतर वाच.

परवा दुकानाच्या मागच्या गल्लीत आम्ही गाडीवर काच चढवत होतो. माणसापेक्षा उंच, एका कापडदुकानाची. ती गाडीच्या कडेला उभी टेकवली होती आणि मालक दोर आणायला आत गेला होता. एका हाताच्या माणसाला जे काम देता येतं ते मी करत होतो, म्हणजे काच धरून उभा होतो. पोहणाऱ्यांच्या संघातले चौघे आले. तुझ्या ओळखीचे असतील, खांदे दारात मावत नाहीत असले. एक जण लांब थांबला, हातात मोबाईल उभा धरून.

"काय नवरदेव," एक म्हणाला आणि बरगडीत गुद्दा घातला.

पहिल्याच गुद्द्यात श्वास गेला. दुसरा कानावर, त्या कानाने अजून नीट ऐकू येत नाही. एकाने प्लास्टरचा हात मागे पिरगाळला, आत काहीतरी पुन्हा करकरलं. नाकातून रक्त सुटलं ते काचेवर उडालं आणि खाली ओघळायला लागलं. पण त्यांच्या तोंडात एकच होतं. "मार ना. मार की रे. त्या दिवशी फार जोर होता." ज्याला नुसतं मारायचं असतं तो समोरच्याला मार ना म्हणत नाही. मी मोबाईलवाल्याकडे पाहिलं. तो मार खाणाऱ्याचं चित्र घेतच नव्हता, नुसता वाट बघत होता.

तेव्हा भावोजींची आग आठवली. एका काडीवर किती दिवस चालणार? त्यांना दुसरी हवी होती.

मला मारावंसं वाटलं नाही असं समजू नकोस. मारायचीसुद्धा गरज नव्हती. मी नुसता हात काढून घेतला असता तरी पुरे होतं. तेवढी काच उभ्यात सुटली की कशी येते ते मी पाहिलंय. वाकून माझ्या पोटात गुडघा घालणाऱ्याची मान बरोबर तिच्या खाली होती. त्याच्या मानेवर पाण्याने कायमची भिजल्यासारखी चामडी होती, तुमची सगळ्यांची असते तशी. माझी बोटं कडेवर सैल झाली. झाली होती, खोटं का बोलू. मग मला उद्याचा पेपर दिसला, आणि त्यात खताच्या जाहिरातीखालीसुद्धा तुम्ही नव्हता.

मी काच घट्ट धरली. कपाळ काचेला टेकवलं आणि मार खाल्ला. तळव्याला कड लागून चीर गेली. त्यांचे हात दमले. मोबाईलवाला वैतागून म्हणाला, "हा तर काहीच करत नाही."

मालक लोखंडी कांब घेऊन शिव्या देत बाहेर आला तेव्हा ते पांगले. माझ्याकडे बघून त्याने आधी विचारलं, "काच फुटली का?" मी मानेने नाही म्हटलं. मग तो गटारीच्या कडेला बसला आणि माझ्या तोंडावरचं रक्त स्वतःच्या सदऱ्याने पुसत रडायला लागला. म्हातारा कांब मात्र सोडत नव्हता.

काल भावोजी माझ्या खाटेपाशी आले. ताई डोक्याशी बसून ओल्या कापडाने माझा कान शेकत होती. मी विचारलं, तुम्ही पाठवलंत का त्यांना.

"नाही," ते म्हणाले. "बैठकीत मी एवढंच म्हणालो होतो की तुझा हात उगारलेला एक फोटो मिळाला तर विषय संपेल. मास्तर तिथे बसला होता."

"आणि तुम्हाला कळलं नाही तो काय करेल?"

"माझं काम बोलायचं आहे. त्याचं पुढे काय होतं ते मी बघत नाही."

ताईने शेकणं थांबवलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, मग आता बघा. आणि माझ्या अंगावरचं पांघरूण तिने काढलं. बरगड्यांवरचं ते निळं-काळं सगळं भावोजींना बघावं लागलं. ती पांघरूण धरून उभी राहिली, ते बघेपर्यंत. काल तिने त्यांचं ताट वाढलं आणि आपलं उचलून माझ्या खोलीत जेवायला आली.

आता मला विचारायचं आहे. मी आजवर तुला काही विचारलं नाही. मारायच्या आधी नाही, बोलायच्या आधी नाही. समितीपुढे मी असं सांगणार आहे: आमचं लग्न ठरलेलं नव्हतं, ती माझी कोणी नाही, तिने मला नाही म्हटलं होतं, आणि काही करू नकोस असं बजावलंही होतं. यात तुझं 'नाही' सगळ्यांसमोर येतं. ते तुझं आहे, मी परस्पर वापरणार नाही. चालेल की नाही एवढंच जिराफपाशी सांग. नाही म्हणालीस तर मी तिथे तोंड शिवून बसेन. कागदावर सही मात्र करणार नाही, हे आता छाती ठोकून सांगतो. बरगड्या दुखतात म्हणून हळू ठोकतो.

तुझा


२ मार्च

तुझा निरोप मिळाला. 'खरं सांग. त्याहून जास्त एक शब्द नको.' जिराफने तो मला दोनदा म्हणून दाखवला, दुसऱ्यांदा बोट नाचवून.

तू आतल्या खोलीत होतीस, तुला माझं ऐकू आलं नसेल, म्हणून लिहितो.

ज्या खिडकीबाहेर मी शिडीवर उभा होतो त्याच खोलीत बसवलं. समितीच्या अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश बाई आहेत. बारीक चणीच्या, बोलताना पेनाचं टोपण काढतात आणि लावतात. एका बाजूला मास्तर. तोंड पुष्कळ भरून आलंय, पण पुढचे दात नाहीत, आणि गळ्यात शिट्टी नव्हती. तिच्याशिवाय तो कोणाचाही काका वाटला असता. त्याला बघून माझ्या हातात पुन्हा ते सगळं चढलं. प्लास्टरच्या आत मूठ वळत होती. वळता येत नाही तरी वळत होती. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसलो. बाईंनी पाहिलं आणि टोपण काढलं.

वकिलाने कागद माझ्यापुढे सरकवून ठेवला होता, पेनासकट.

बाईंनी विचारलं, "तक्रारदार मुलीशी तुमचं नातं काय?"

चौकीतलाच प्रश्न. त्या दिवशी मला श्वास घ्यायची गरज पडली नव्हती.

"ती माझी कोणी नाही," मी म्हणालो. "मी तिला विचारलं होतं. ती नाही म्हणाली. कोणाला काही करू नकोस असंही म्हणाली. मी मारलं ते माझ्या रागापायी, तिने सांगितलं म्हणून नाही. चौकीत मी ती माझी आहे म्हणालो, ते खोटं होतं."

मास्तराच्या वकिलाने विचारलं, मग ज्या मुलीने झिडकारलं तिच्यासाठी कोणी असं करतं का? त्याला मी चिडायला हवा होतो. मला उत्तर येत होतं, जिभेवर आलं होतं, त्यात त्याच्या आईचाही उल्लेख होता. मी गिळलं. एक शब्द जास्त नको म्हणालीस.

बाईंनी टोपण लावलं. तुमचं काम संपलं, म्हणाल्या, आता त्या मुलींना बोलवा. आणि आधी मला त्या कडीबद्दल ऐकायचंय.

गुडघे थापटणारा वकील बाहेर आल्यावर माझ्याकडे न बघता फाइल बंद करून गेला. खटला चालणार. मास्तराला मी मारलं, आणि कशासाठी मारलं याने आता सूट मिळणार नाही. मला ते मान्य आहे. डोकं पाण्यात धरलं तेव्हा मला शांत वाटलं होतं हे कोर्टात कोणी विचारलं तर तेही सांगेन.

बाकावर बसलो होतो तेव्हा तुम्ही समोरून गेलात. तू, जिराफ, आणखी चार जणी. घरी नेलेल्या दोघींतली एक परत आलेली दिसली, तिच्याबरोबर तिचे वडील होते, चप्पल हातात धरून चालल्यासारखे चोरपावलांनी. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. तुझी चाल जमिनीवर अजून तशीच आहे, पण ती कशासारखी आहे ते आता लिहिणार नाही. दार लागलं. तुम्ही आत खूप वेळ होता.

फाटकापाशी पेपरवाले भावोजींना घेरून उभे होते. त्यांच्या खिशात निवेदन तयार होतं, सकाळी घरी मी इस्त्रीच्या टेबलावर पाहिलं होतं. एकाने विचारलं, साहेब, कडीचं काय? भावोजींचा हात खिशाकडे गेला. फाटकाच्या पलीकडे ताई उभी होती, पायाला अजून पट्टी. हात खिशातच राहिला. म्हणाले, "कडी होती. आतून होती. ती कोणी बसवली ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही." मग गर्दीतून वाट काढून ते ताईकडे आले. तिने त्यांना माफ वगैरे केलं नाही. रिक्षात दोघांच्या मध्ये मला बसवलं.

आज दुकानात एक काम आलंय. समितीने तलावामागच्या खोलीचं दार बदलायला सांगितलंय, वरचा अर्धा भाग काचेचा, आरपार दिसेल असा. मला तुमच्या आवारात पाऊल टाकायची बंदी आहे, म्हणून बसवायला मालक जाणार. कापायला मी. प्लास्टर आज सकाळीच निघालंय, बोटं अजून वाकडी आहेत, पण काच कापायची हिरकणी फिरवायला जोर लागत नाही. एकदाच, न थांबता ओढायची. मी नेहमी जोर लावायचो आणि काच भलतीकडे जायची. ही सरळ आली.

हे पत्र जिराफकडे देताना सांगितलंय, आधी तुझ्या मैत्रिणीला विचार, हवं आहे का. नको म्हणाली तर परत आण, मी का म्हणून विचारणार नाही.

खाली नाव लिहायच्या जागी एक शब्द लिहायची हाताला सवय झाली होती, डाव्यालासुद्धा. तो आज लिहीत नाही.

काचवाला